हमीदारांचा जाहीर सत्कार

आमच्या उल्हासनगरात मूळचा कोण, हा प्रश्न कुणाला विचारू नये. विचारलाच तर बूड टेकून, वेळ काढून उत्तर ऐकावं, कारण इथे प्रत्येक जण मूळचा असतो आणि त्याच्यामागून आलेला प्रत्येक जण उपरा. माझे वडील, अप्पा, साताऱ्याकडच्या एका कोरडवाहू गावातून पत्र्याची ट्रंक घेऊन आले, शहाडच्या रेयॉनच्या मिलमध्ये स्टोअर्सला लागले आणि चार नंबर कॅम्पातल्या बराकीत भाड्याची खोली घेऊन राहिले. मला समजायला लागलं तेव्हा ते पक्के स्थानिक झालेले होते. संध्याकाळी सायकल भिंतीला लावायची, ओट्यावर बसायचं आणि बाहेरून आलेल्या लोकांनी आपल्या मुलखाचं कसं वाटोळं केलं यावर बोलायचं, हा त्यांचा नेम. ओटा दादींचा होता. दादी म्हणजे आमच्या घरमालकीण. फाळणीत सिंधमधून नेसत्या कपड्यांनिशी आलेल्या, सरकारने सैनिकांची बराक दिली ती घेऊन तिथेच रुजलेल्या. अप्पांचं भाषण रंगात आलं की दादी आतून ताटलीत भाजलेला पापड आणि तांब्याभर पाणी आणून त्यांच्यापुढे ठेवत. उपऱ्यांच्या नावाने खडे फोडून अप्पांच्या घशाला कोरड पडलेली असे, त्यामुळे ते पाणी त्यांना गोड लागायचं.

आता खरा मूळचा म्हणावा असा आमच्या ओळखीत एकच माणूस होता, धर्माशेठ पाटील. आगऱ्यांच्या जुन्या गावठाणातला. त्याच्या आज्याच्या भातशेतीवर लष्कराने बराकी बांधल्या, बराकींत निर्वासित आले, निर्वासितांच्या खोल्यांत आम्ही आलो. धर्माशेठ दर सणाला गळ्यात सोन्याची साखळी घालून यायचा आणि आमच्या मोरीकडे बोट दाखवून इथे आमचं खळं होतं असं सांगायचा. आई त्याला चहा द्यायची आणि तो गेल्यावर मोरी जरा जास्तच घासायची.

बराकीला लांबच लांब एक छप्पर आणि आत अर्ध्या भिंती. भिंती छताला पोचायच्याच नाहीत, म्हणून कुणाच्या घरात काय शिजतंय आणि कुणाचं कुणाशी बिनसलंय हे सगळ्यांना कळायचं. सकाळी दादींच्या बाजूने पापड लाटायचा आवाज यायचा, आमच्या बाजूने भाकरी थापायचा, आणि दोन्ही एका तालात चालले की मला पुन्हा झोप लागायची. अप्पांच्या कपड्यांना मिलचा वास असायचा, कुजक्या कोबीसारखा. आई म्हणायची, वास गेला तर पगारही जाईल. दुपारी शाळेतून आले की दादी मला कोकी, म्हणजे कांदा घातलेली जाडसर सिंधी पोळी, आणि दही द्यायच्या, आणि त्यांच्या नातवंडांना आमच्याकडचा शेंगदाण्याचा ठेचा हवा असायचा. आमची बोली तर अशी की आई भाजीवालीशी हिंदीत, दादींशी निम्म्या सिंधीत आणि अप्पांशी बहुधा गप्प राहून बोलायची.

अशात दादींची भाची आली. पार्वती तिचं नाव. सोबत नवरा टेकचंद आणि माझ्याच वयाची मुलगी, मोहिनी. फाळणीत हे घराणं सिंधमध्येच मागे राहिलं होतं. तिकडे टेकचंदचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. एके दिवशी ते कुणीतरी पेटवलं. पुढे काय काय झालं ते पार्वती सांगायची नाही. मोहिनी रस्त्यात कुणी मागून जोरात चालत आलं की भिंतीला चिकटून उभी राहायची, त्यावरून आम्ही समजायचं ते समजलो. बाकी मुलगी बेरकी. उजवीकडून डावीकडे लिहायची सवय, म्हणून माझी वही ती शेवटच्या पानापासून उघडायची आणि तुमच्याकडे गोष्टी शेवटापासून सुरू होतात का, असं मलाच विचारायची. आम्ही दोघी दादींच्या बाजेवर एका गोधडीत झोपू लागलो. महिन्याभरात ती मराठीत भांडायला शिकली, म्हणजे स्थानिकच झाली.

अडचण एकच होती. त्यांचा व्हिसा इंदूरचा होता. व्हिसावर ज्या शहराचं नाव तिथेच राहायचं असा कायदा, आणि इंदूरच्या ज्या नातेवाइकाने बोलावलं होतं त्याने दोन वेळचं जेवण घालून दारातून निरोप दिला होता. जायचं कुठे, तर दादींकडे. दादींनी एका वकिलाला गाठून गाव बदलून घ्यायचा अर्ज करायचं ठरवलं होतं. अर्ज मंजूर होईपर्यंत फार गाजावाजा नको, एवढीच त्यांची आम्हा सगळ्यांना विनंती होती.

पण आमच्या बराकीत गणेशोत्सव मंडळ होतं आणि अप्पा त्याचे अध्यक्ष होते. गाजावाजा नको ही विनंती अध्यक्षाला करून उपयोग नसतो. सीमेपलीकडून जीव मुठीत धरून आलेलं कुटुंब आपल्या दारात, आणि सत्कार नाही? अप्पांनी मिलच्या कागदावर भाषण लिहून काढलं. अतिथी देवो भव, शिवरायांची भूमी, शरण आलेल्याला मरण नाही, सगळं काही त्यात होतं. बाजारातला कापडाचा मोठा व्यापारी मिर्चूमल सेठ शाली द्यायला तयार झाला, अट एवढीच की त्याचं नाव फलकावर यावं. पेंटरने कापडी फलक रंगवला. त्यावर सेठचं नाव हातभर, मंडळाचं नाव हातभर, अप्पांचं वीतभर, आणि खाली टेकचंद, पार्वती व कुमारी मोहिनी, अमुक मुलखातून आलेले, सध्या राहणार अमुक बराक, चार नंबर कॅम्प. हल्ली मी राहते त्या अंबरनाथच्या नाक्यावर फ्लेक्स लागतात, त्यांवर पाहुण्याचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि स्वागत करणाऱ्यांची डोकी भोपळ्याएवढी असतात. लोक नावं ठेवतात. मी ठेवत नाही, माझ्या वडिलांनी हे आधीच करून ठेवलंय.

सत्कार झाला. टेकचंद खुर्चीवर दाढ काढून घ्यायला बसल्यासारखा बसला होता. पार्वतीच्या खांद्यावर शाल, हातात नारळ, आणि डोळे मंडपाच्या दाराकडे. जेवणाच्या पंगतीत मोहिनीने आमटीचा हात बापाच्या शालीला पुसला, काठावर हळदीचा मोठा डाग पडला आणि पार्वतीने तिला चिमटा काढला. चारेक दिवसांत गावातल्या साप्ताहिकात फोटो छापून आला, खाली पत्त्यासकट. त्या आठवड्यातच परदेशी नागरिकांची नोंद ठेवणारे पोलीस जमादार ते साप्ताहिक चौपट घडी करून काखेत घेऊन बराकीत हजर झाले. दादींनी रिवाजाप्रमाणे पापड-पाणी पुढे केलं. जमादारांनी पापड खाल्ला, पाणी प्यायले आणि अप्पांना म्हणाले, "अध्यक्षसाहेब, या केसमध्ये आम्हाला तपास करावाच लागला नाही. सगळं तुम्हीच छापलंय."

माणूस वाईट नव्हता. त्याने स्पष्ट सांगितलं की नियमाने यांना परत पाठवायला हवं. मात्र गावातल्या दोन प्रतिष्ठित नागरिकांनी लेखी हमी दिली, आम्ही यांना ओळखतो, हे इथेच राहतील, बोलावलं की आम्ही यांना हजर करू, तर साहेब अर्ज वर पाठवायला तयार आहेत. नुसतं 'गावातले आहेत' चालणार नाही, सही पाहिजे. आठ दिवसांची मुदत देऊन ते गेले. पार्वती तशीच ओट्यावर बसून राहिली. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे लाटणं वाजलं नाही.

आणि मग आमच्या बराकीतली माणुसकी कशी पांगली म्हणून सांगू. मिर्चूमल सेठ अचानक सुरतेला माल घ्यायला गेला. दादींच्या शेजारचे दोन म्हातारे, जे स्वतः बोटीने येऊन बंदरावर सरकारी खिचडी खाऊन जगले होते, म्हणू लागले की आम्ही वेळेवर आलो, हे उशिरा का आले. जणू बाकीच्यांना गाडीचं तिकीट मिळालं होतं आणि यांची गाडी चुकली. मंडळाचे चिटणीस म्हणाले, हा सिंधी लोकांचा आपसातला मामला आहे. आणि आमचे अप्पा, ज्यांचं भाषण ऐकून बायकांनी डोळे पुसले होते, ते म्हणाले, "मी मनाने त्यांच्याच बाजूचा आहे. पण सही म्हणजे भलतंच झालं. उद्या तो माणूस हेर निघाला तर मिलवाले मला गेटबाहेर काढतील." टेकचंदला पाहून कुणाला तो कोंबडीचोरही वाटला नसता, हेर तर दूरच. पण भीतीला कारण लागत नाही, आणि अप्पांची भीती खोटी नव्हती. आमची चार तोंडं त्या नोकरीवर होती. म्हणून मला त्यांचा राग येत होता आणि दयाही येत होती.

आई भाकरी थापत होती. तिने मान वर न करता विचारलं, "तुमचं रेशनकार्ड कसं निघालं, आठवतंय का?" अप्पांनी समोरचं ताट बाजूला सारलं. ते ट्रंक घेऊन आले तेव्हा त्यांना इथे ओळखणारं कुणी नव्हतं. हा माणूस माझ्या खोलीत राहतो, मी याला ओळखते, असं सांगून रेशन ऑफिसात अंगठा दादींनी उठवला होता. म्हणजे मराठी मुलखात एका मराठी माणसाची ओळख एका निर्वासित सिंधी बाईने पटवली होती. हे आईने बोलून दाखवलं नाही, ती नुसती तव्यावरची भाकरी उलटत राहिली. अप्पा न जेवता उठले. पण सही करतो असंही म्हणाले नाहीत.

मोहिनी मला म्हणाली, आम्ही गेलो तर तुझी ती वही मी नेणार, शेवटच्या पानापासून सुरू केलेली. मी हो म्हटलं आणि मोरीत जाऊन रडले, कारण त्या घरात एकट्याने रडायला दुसरी जागा नव्हती. अर्ध्या भिंतीच्या घरात ते अर्थातच सगळ्यांना ऐकू गेलं. दादींनीही ऐकलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी त्या आमच्या चुलीपाशी येऊन बसल्या आणि आईशी कुजबुजू लागल्या. "बाई, तेरा मर्द दिल का अच्छा है," त्या म्हणाल्या. "लेकिन खाली दिल से वो उठता नहीं. उसको खुर्ची देनी पडती है." आई म्हणाली, "हारही लागेल." दादींनी मान हलवली. दोघी बराच वेळ हसल्या.

दोन दिवसांत कॅम्पात निमंत्रणं फिरली. हमीदारांचा जाहीर सत्कार, शाल, श्रीफळ व पुष्पहार, मंगलमय सनई, सर्वांनी उपस्थित राहावे. हमीदारांच्या नावांची जागा कोरी होती आणि तिच्याखाली छापलं होतं, नावे लवकरच जाहीर होतील. आमच्या लोकांना कोरी जागा सोसत नाही. पहिला आला धर्माशेठ. साखळी चाचपत त्याने दादींना विचारलं की हमीदार म्हणजे नक्की काय करायचं असतं, आणि फलक कुठे लागणार. दादींनी फलकाची जागा आधी सांगितली. तो छाती फुगवून म्हणाला, "मी यंचा मूलचा. माजा नाव पयला." मूळचा इथला आपणच, हे त्याने आमच्या ओट्यावर उभं राहून म्हटलं, आणि भिंतीपलीकडे अप्पा दाढी करत होते.

त्या दिवशी अप्पांनी मिलला रजा टाकली. निम्म्या दाढीचा साबण पुसला, धुवट सदरा चढवला आणि सायकल काढली. धर्माशेठही सायकलवरच निघाला होता. पोलिसांच्या कचेरीच्या फाटकात दोघे एकदमच पोचले, असं जमादारांनी नंतर आम्हाला सांगितलं. आपल्या आख्ख्या नोकरीत हमीदार पळताना पुष्कळ पाहिले, पळत आलेले हे पहिलेच, असंही ते म्हणाले. पहिली सही कुणाची यावर टेबलापाशी वाद झाला. अप्पा अध्यक्ष, धर्माशेठ मूळचा. शेवटी जमादारांनी दोघांची नावं एकाच ओळीत शेजारी शेजारी लिहिली आणि वयाने मोठा म्हणून पेन आधी धर्माशेठच्या हातात दिलं. अप्पांनी ते पुढची कितीतरी वर्षं मनात धरलं. मिर्चूमल सेठ सुरतेहून परतला तेव्हा हमीदार पुरे झाले होते, म्हणून त्याला राखीव हमीदार करून हार घालावा लागला.

दुसरा सत्कार पहिल्याहून मोठा झाला. अप्पांच्या खांद्यावर शाल पडली तेव्हा मोहिनीने माझ्या बरगडीत कोपर मारलं. शालीच्या काठापाशी हळदीचा डाग होता. दादींनी नवी शाल घेतलीच नव्हती. ज्यांचा सत्कार करून आम्ही त्यांना गोत्यात आणलं, त्यांच्याच शाली घडी मोडून हमीदारांच्या अंगावर घातल्या होत्या. अप्पा माईकसमोर शरणागताच्या रक्षणावर बोलत होते आणि बोलता बोलता शाल सारखी करत होते. त्यांचा हात डागावर थांबला. त्यांनी तो पाहिला, मग समोर बसलेल्या टेकचंदकडे पाहिलं. भाषणाचा कागद त्यांनी खिशात घातला, "एवढंच," असं म्हणाले आणि खाली बसले. अप्पांचं एवढं छोटं भाषण आम्ही त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

शाल मिळाली, पण सही अंगाला चिकटली. दर काही महिन्यांनी टेकचंदला हजेरीला बोलावणं यायचं आणि हमीदार म्हणून अप्पांना जावं लागायचं. धर्माशेठ दोनदा आला आणि मग शेतीच्या कामांत अडकला, जी शेती त्याच्याच म्हणण्याप्रमाणे आमच्या मोरीखाली होती. अप्पा मात्र कुरकुरत जात राहिले. मुदत वाढवायची असली की वकिलाकडे, कागद हरवला की ठाण्याला, साहेब बदलला की पुन्हा पहिल्यापासून. बाकावर बसून दोघे पार्वतीने दिलेली कोकी लोणच्याशी खायचे. एकदा साहेबाने टेकचंदला खुर्ची दिली नाही म्हणून अप्पाही उभे राहिले. दयेपोटी माणूस एकदा शाल देतो. सही केली की त्याला पुन्हा पुन्हा जावं लागतं, आणि जाता जाता तो सुधारतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. टेकचंदच्या नागरिकत्वाचा कागद आला तेव्हा तो अप्पांनी ओट्यावर मोठ्याने वाचला, मधेच थांबले आणि मिलच्या वाफेने डोळे चुरचुरतात असं म्हणाले. मिल तेव्हा संपावर होती.

दादी गेल्या, आई गेली, बराकीच्या जागी सहा मजली इमारत उभी राहिली. अप्पा आता बदलापुरात माझ्या धाकट्या भावाकडे, विलासकडे असतात. नव्वदी जवळ आली आहे. ऐकू कमी येतं, पण नको ते बरोबर ऐकू येतं. मोहिनीचं उल्हासनगरात कापडाचं दुकान आहे आणि विलासच्याच इमारतीत तिने गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेतलाय. तिथे तिने रफीकुल नावाचा एक फरशीवाला, त्याची बायको आणि लहान मुलगी यांना ठेवलं होतं. माणूस आपल्याच बंगालातल्या मालदाकडचा, कागद सगळे जागेवर. पण बांगला बोलतो, आणि आमच्याकडे हल्ली बोली ऐकून देश ठरवायची विद्या फार फोफावली आहे. एका साइटवरून पोलिसांनी काही मजुरांना चौकशीला नेलं, तसं सोसायटीला आपल्या जिन्यात परदेश दिसायला लागला. विलास तिथला सेक्रेटरी. सभेत ठरलं की दोन सभासद कुटुंबांनी लेखी हमी द्यावी, नाहीतर महिनाअखेर खोली रिकामी. मी विलासच्या घरूनच मोहिनीला फोन केला. ती म्हणाली, "जाऊ दे गं, कशाला कटकट. मी सांगते त्यांना खाली करायला. दुसरा भाडेकरू मिळेल."

मी फोन ठेवला. फोन स्पीकरवर होता आणि अप्पा खिडकीपाशी बसले होते. त्यांनी विलासला हाक मारून हमीचा कागद मागितला. विलास म्हणाला, अप्पा, तो कुठला आहे ते आपल्याला काय माहीत. अप्पा म्हणाले, "कुठला ते कोर्ट ठरवेल, त्याला वकील आपण देऊ. तोवर तो आपल्या जिन्यात राहतो, एवढं मला माहीत आहे." त्यांनी सही केली. मग मला कपाटातली जुनी शाल काढायला लावली. डाग अजून होता, आता तपकिरी पडलेला. म्हणाले, "ही मोहिनीला नेऊन दे. म्हणावं, तुझा सत्कार आहे, खुर्ची मांडून ठेवली आहे."

मी दुकानात जाऊन शाल गल्ल्यावर ठेवली आणि निरोप सांगितला. गिऱ्हाईक होतं, ती त्याला कापड दाखवत राहिली. गिऱ्हाईक गेल्यावर तिने शाल उलगडली, डाग सापडेपर्यंत काठ चाचपला आणि तिथे बोट ठेवलं. मग दुकानाचं शटर भर दुपारी खाली ओढलं. माझ्यासोबत रिक्षाने बदलापूरला आली. अप्पांच्या पाया पडली, टेबलावरचा कागद पुढे ओढला आणि अप्पांच्या सहीकडे पाहून ती गालातल्या गालात हसली. जागा अप्पांनी मुद्दाम वरची सोडली होती.

"पहिलं नाव माझंच," ती म्हणाली. "मी मूळची इथली." आणि तिने सही केली.